देव नदीच्या अंगाला

होळीची राख निवली की आमच्या बुऱ्हाणपुरात ऊन पाय पसरून बसतं. सकाळी आठलाच अंगणातली फरशी चटका देते. कडुनिंब मोहरतो आणि त्याचा तो कडवट गोड वास दुपारी न विचारता घरात शिरतो. मी लग्न होऊन लालबागेत आले त्याला पन्नासाहून जास्त वर्षं झाली. दर वर्षी हा वास आला, की गल्लीत कुणी ना कुणी बाई घरातलं काहीतरी ओढतेय, सरकवतेय, झटकतेय, असे आवाज सुरू होतात. पूर्वी आमच्या घरातले हे आवाज माझे असत. आता ते सुनेचे असतात, आणि मी खुर्चीत बसून ऐकते.

सुनेचं नाव स्नेहा. पोरगी कामाची आहे, पण एखादी गोष्ट मनावर घेतली की घेतली. यंदा तिनं फेंगशुई मनावर घेतलंय. पाडव्याला नवं वर्ष नव्या मांडणीत लागलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. तळहातावर मोबाइल आडवा धरून, त्यातलं होकायंत्र बघत, ती या खोलीतून त्या खोलीत सावकाश चालते. तीर्थाची पळी सांडू नये म्हणून चालावं, तशी. काल तिनं एक तीन पायांचा बेडूक आणला. त्याच्या तोंडात नाणं आहे.

"मम्मी, याचं तोंड दरवाजाकडे नको. बाहेर बघत बसला तर बरकत बाहर चली जाती है म्हणे."

"मग कुठे बघायचं त्यानं?"

"अंदर. सोफ्याकडे."

"सोफ्यावर तर मीच बसलेली असते."

"वही तो! तुमच्याकडे बघेल ना तो."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईकडे टक लावून त्या बेडकाचं किंवा आमचं काय भलं होणार, कोण जाणे. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. जे सिद्ध होत नाही त्यावर भांडू नये, एवढं त्यातून शिकले. शिवाय वर्षाच्या तोंडाशी घर हलवणाऱ्या बाईला आडवं जाऊ नये. ती फक्त फ्रिज सरकवत नसते. तिच्या मनात काहीतरी असतं, ते तिला कुणाला सांगता येत नाही, म्हणून फ्रिज सरकतो.

हे मला कळायला फार उशीर झाला.

स्नेहा सांगत होती, फेंगशुई म्हणजे चिनी भाषेत वारा आणि पाणी. ऐकून मला हसू आलं. आमच्याकडे पाण्यानंच तर एकदा सगळा घोळ घातला होता.

मी तेव्हा दहा वर्षांची असेन. राज्यांची नवी वाटणी नुकतीच झाली होती. आमची राजधानी नागपूर. ती तिथून उठली आणि भोपाळात जाऊन बसली. अमरावती, अकोला तिकडे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही इकडेच राहिलो. घर तेच, नदी तीच, मागांची खडखड तीच. पण घरातल्या घरात पाट बदलून बसवावं, तसं झालं होतं. शाळेत गुरुजी एक दिवस जुना नकाशा गुंडाळून घेऊन गेले. नवा यायला वेळ होता. बरेच दिवस त्या भिंतीवर नुसता खिळा होता.

माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, मोजणीच्या कचेरीत नकाशे उतरवायचे. गावांचे, शिवारांचे, शेताच्या बांधांचे. मूळचे ते अमरावतीकडचे. नोकरीनं बुऱ्हाणपुरात आले आणि इथलीच बायको केली. आता राज्यं वेगळी झाली म्हणजे कचेऱ्यांमधली माणसंही वाटायला हवीत. कोण इकडे, कोण तिकडे, याचे हुकूम एकेक करून येत होते. शेजारच्या टेबलावरचे एक बाबू माघातच बिऱ्हाड उचलून गेले. आप्पांचा हुकूम यायचा होता. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता, आणि त्या विषयावर कुणी बोलतही नव्हतं.

माझ्या आईला, मायला, जायचं नव्हतं. तिचं माहेर देडतलाईच्या बाजाराला पायी येणारं, तापीच्या पलीकडच्या काठावरचं लहानसं गाव. तिथे तिचे वडील, आबा, थकलेले. डोळ्यांनी जवळजवळ गेलेले. महिन्या दोन महिन्यांनी माय बैलगाडीनं जाऊन त्यांना बघून यायची, त्यांची नखं कापायची, डोक्याला तेल लावायची. अमरावतीला गेलं की हे संपलं. पण हे ती आप्पांना कशी म्हणणार? नवऱ्याची नोकरी जिथे, तिथे बायकोचं घर. त्या काळी हे कुणी कुणाला समजावून सांगत नसे. मायनं कधी "मला जायचं नाही" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. ती फक्त भांडी जरा जोरात घासायची.

फाल्गुनात मामा कापसाची गाडी घेऊन शहरात आला आणि आबांचा निरोप घेऊन आला. ओसरीवर पाणी पिऊन त्यानं पागोट्यानं तोंड पुसलं.

"ताई, आबानं सांगितलं ते नीट ध्यान देऊन ऐक. देव उगवतीला, नदीच्या अंगाला. चूल बी उगवतीलाच, पन डोंगराच्या अंगाला. दाण्याची कोठी मावळतीला. पाडव्याच्या आत मांडनी झाली पायजे. मंग घरधन्याचा पाय घरातून हालत नाही."

"एवढंच?"

"एवढंच. आन म्हणे, रडू नको."

माय रडत नव्हती. तिनं पदर खोचला.

आता इथे थोडं सांगायला हवं. उत्तर, दक्षिण हे शब्द मी मायच्या तोंडी कधी ऐकले नाहीत. तिच्या माहेरी सगळं नदीवरून चालायचं. जोडीतला एक बैल नदीकडचा, दुसरा डोंगराकडचा. पंगतीत बसलेल्याला म्हणायचे, जरा डोंगराकडे सरक. लग्न होऊन शहरात आली तरी मायची बोली तीच राहिली. "दिवा नदीच्या अंगाच्या कोनाड्यात ठेव," असं ती मला म्हणे आणि मीही बरोबर ठेवत असे. आमचं भाड्याचं दोन खोल्यांचं घर राजघाटाच्या अलीकडे होतं. बोळाच्या तोंडाशी गेलं की तापी दिसायची, त्यामुळे नदी कुठे हे विचारायची पाळी कुणावर यायची नाही.

पण आबांचं गाव होतं एका काठावर आणि आम्ही दुसऱ्यावर. तिकडे नदी उत्तरेला आणि डोंगर दक्षिणेला. इकडे आमच्या बोळातून नदी दक्षिणेला आणि असीरगडाकडचे डोंगर उत्तरेला. आबा म्हणाले ते त्यांच्या काठावर अगदी शास्त्राला धरून होतं. देव ईशान्येला, चूल आग्नेयेला. तोच निरोप मामाच्या गाडीतून नदी ओलांडून आला आणि उलटा झाला. गंमत अशी, की घरमालकानं घर बांधताना चूल आग्नेयेलाच घातली होती. मायनं ती चांगली चूल तिथून फोडली आणि तिच्या जागी देव आणून बसवले. आणि जिथे देव होते त्या कोपऱ्यात नवी चूल घालायला घेतली.

चूल घालणं म्हणजे काय, हे स्नेहाला सांगून कळायचं नाही. तिचा गॅस आला तो खोक्यातून आला. मायनं दोन दिवस नदीकाठची गाळाची माती आणली. टोपलीनं, डोक्यावर. माती कुटली, चाळली, त्यात गव्हाचा भुसा आणि टांगेवाल्याकडची घोड्याची लीद मिसळली आणि पायानं तुडवली. मीही तुडवली. पायाच्या बोटांमधून ती गार माती वर यायची, तो स्पर्श अजून आठवतो. मग पहिला थर. तो सुकला की दुसरा. बाजूला वैल काढायचा, म्हणजे भाजी मागे रटरटत राहते. ऊन लागून भेग गेली की ओल्या हातानं ती बुजवायची आणि पुन्हा वाट बघायची. आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत अंगणात तीन दगडांवर स्वयंपाक, आणि भाकरीत कचकच वाळू.

थापायचं काम मात्र माय एकटीच करत होती. शेजारची गंगूमावशी कुंपणावरून बघायची. म्हणायची, "काहून गं, चांगली चूल होती ना तुझी? घरोघरी मातीच्या चुली, पन तुझीच फिरती दिसून राहिली." माय थापत राहायची.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी आप्पा कचेरीतून आले. आत पाऊल टाकलं आणि तसेच उभे राहिले. जुनी चूल ढेकळं होऊन कोपऱ्यात पडलेली, देव पाटावर तिच्या जागेत, आणि मायचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. आप्पा नकाशावाले. झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर दिशा बोटानं दाखवतील असा माणूस. मी त्यांच्याकडे बघत होते. आता ते हसणार, असं मला वाटलं.

"कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"आबांनी."

"कसं सांगितलं?"

"देव नदीच्या अंगाला, चूल डोंगराच्या."

आप्पांनी एकदा देवांकडे, एकदा फुटक्या चुलीकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाले, टोपी खुंटीला लावली आणि हातपाय धुवायला गेले. जेवताना दाताखाली वाळू आली तरी भाकरी संपवली. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर कचेरीत गेले, एवढं मला आठवतं, कारण त्या दिवशी माझं पाढे म्हणून दाखवणं चुकलं.

पाडवा आला. नव्या चुलीला हळदकुंकू लागलं, पहिलं दूध तिच्यावर उतू घालवलं, अंगणात गुढी उभी राहिली, तिच्या गळ्यात साखरेचा हार. कडुनिंबाची चटणी खाताना मी तोंड वाकडं केलं आणि धपाटा खाल्ला. माय मात्र दिवसभर दाराकडे बघत होती. शिपाई पाडव्याच्या दिवशी कुठला यायला! पण आशा वेडी असते.

हुकूम त्यानंतर आठवड्याभरानं आला. आप्पा इथेच. त्यांनी कागद देवांपुढे ठेवला, म्हणजे खरं तर जुन्या चुलीच्या जागेत ठेवला, आणि "राहिलो" एवढंच म्हणाले. माय भुईवर बसली. आनंदानं माणूस असं मटकन बसतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग उठून तिनं दराब्यासाठी, आमच्याकडच्या त्या रव्याच्या मिठाईसाठी, रवा भाजायला घेतला, आणि दराबा बोळभर वाटला. गंगूमावशीनं दराबा खात खात मांडणी नीट विचारून घेतली. त्या वर्षी आमच्या बोळात आणखी तीन चुली हलल्या. एकीच्या मुलाला नोकरी लागावी म्हणून, एकीला मूल व्हावं म्हणून, आणि तिसरी उगीच, सगळ्यांनी हलवल्या म्हणून. तिन्ही आग्नेयेतून ईशान्येला. वास्तुशास्त्र जाणणारा कुणी त्या बोळातून गेला असता तर त्याला घेरीच आली असती.

काल स्नेहानं विचारलं, "मम्मी, तुमच्या टाइमला हे सगळं मानायचे?" मी म्हटलं, मानायचे. "और काम होता था?" मी म्हटलं, व्हायचं. तिला बरं वाटलं. तिनं बांबूचं रोप पाण्यात घालून टीव्हीजवळ ठेवलं. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या मुलाला, इंदूरला मोठ्या जागेवर बोलावताहेत. तो जाऊ म्हणतो. ती काहीच म्हणत नाही, फक्त घर मांडतेय. मी मुलाला दोनदा सांगितलं, बाबा रे, तिला समोर बसवून विचार. तो म्हणतो, "तिला काय, तिचं काही नसतं." गाढव आहे.

गणित शिकवायला लागल्यावर केव्हातरी, मुलांना दिशा समजावताना, मी फळ्यावर नदी काढली आणि तिथल्या तिथे थांबले. घरी मायचं सगळं उलटं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आप्पा निवृत्त होऊन ओट्यावर बसायला लागले तेव्हा, अशाच एका पाडव्याच्या दुपारी मी त्यांना विचारलं.

"आप्पा, तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं ना? दिशा उलट्या होत्या ते?"

"पाऊल टाकलं तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

आप्पांनी सुपारी कातरली, अर्धी मला दिली. त्यांच्या बोटांना शाईचा डाग कायमचा होता, धुतला तरी जात नसे.

"माझ्या कचेरीनं लिहून मागितलं होतं, कुठे राहायचंय म्हणून," ते म्हणाले. "मी लिहून दिलं होतं, अमरावतीकडे. भाऊ तिकडे, भाषा तिकडे. इथे पुढे हिंदीत सगळं. माझी बढतीसुद्धा तिकडेच होती. तुझ्या आईला काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, हुकूम आला की सांगू. आणि मग घरात येतो तर ही चूल घालतेय."

"मग?"

"अगं, जिला जायचंय ती बाई चांगली चूल फोडून नवी थापत बसते का? दिशा सगळ्या चुकल्या होत्या. पण तिला काय हवंय ते तर सरळ दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो, मोठ्या बाबूंचे हातपाय जोडले आणि अर्ज बदलून घेतला."

आप्पा पुढची सगळी वर्षं त्याच टेबलावर बसले. त्यांच्या हाताखाली शिकलेली हिंदीवाली पोरं साहेब झाली, आणि आप्पा नकाशेच उतरवत राहिले. मला वाटायचं, नशीब.

"मायला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिच्या मांडणीनं झालंय ते. तसंच राहू दे."

मी नाही सांगितलं. आप्पा होते तोवर नाही. ते गेले, आणि त्यांच्या मागे वर्षभरानं मीच घोळ केला. शहाणपणा मला नडला.

झालं असं. ते घर पुढे आम्ही विकत घेतलं होतं. माय एकटी राहत होती आणि अजून चुलीवरच स्वयंपाक करायची. धुरानं तिला खोकला लागला. मी गॅस आणला आणि ओटा करायला गवंडी बोलावला. त्या कोपऱ्यात भिंतीला ओल होती, गवंडी म्हणाला, ओटा समोरच्या कोपऱ्यात करू. माय हटून बसली. चूल हलायची नाही. "त्या कोपऱ्यामुळे तुझे आप्पा इथे राहिले," म्हणाली. "तो हलवशील तर याद राख." गवंडी थापी घेऊन दारात उभा. मला शाळेत जायची घाई. मी म्हटलं, आता हिला एकदाचं समजावून टाकू.

आधी दिशांचं सांगितलं. त्यावर ती हसली. सुपात तूर पाखडत होती ती. "मग काय झालं? देवाला काय बुऱ्हानपूर ठाव नाही?" म्हणाली. मला चेव आला. मी आप्पांच्या अर्जाचं सांगितलं. पहिला अर्ज आणि दुसरा. कोपऱ्यानं काही केलं नाही माय, जे केलं ते आप्पांनी केलं, असं म्हटलं. तिला बरं वाटेल, असंच मला वाटत होतं, देवाशपथ.

सूप थांबलं.

"त्यांना जायचं होतं?"

मी दारातल्या गवंड्याकडे बघितलं.

"मी समजत होती, हापीसच धाडून राहिलं त्यांना," माय म्हणाली. "मी तर त्यांच्यासाठी केलं. त्यांना इथून कुणी नेऊ नये म्हणून." मग बराच वेळ ती तुरीत बोटं फिरवत राहिली. "दर दिवाळीला भावाकडून आले की दोन दिवस बोलायचे नाहीत. मी म्हणायची, तिकडचं तेलकट बाधलं. ओव्याचं पाणी द्यायची मी त्यांना."

"माय, ते खूश होते इथे."

"तू नको सांगू मला." तिचा आवाज चढला नाही. "एकदा म्हणायचं होतं त्यांनी. एकदा. मी निघाली असती. चूल काय, कुठेही घालता येते."

तिनं सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दारात उभ्या असलेल्या गवंड्याला म्हणाली, "कर बाबा, तुला जिथे करायचं तिथे कर."